समोरची नळी

सुई मलाच टोचायची होती, तरी हात मीच आधी लांब केला.
पोरगा दंडाला पट्टा बांधताना चाचपडत होता.
म्हटलं, जरा वर बांध. मूठ मी आवळतेच.
ती शीर नको, पळते. ही घे, आतल्या बाजूची, ही फसवत नाही.
मावशी, नर्स होतात का?
नाही रे. परळला, रक्ताच्या खिडकीमागे, एकतीस वर्षं.

आरे रोड, दुसरा मजला, खाली चष्म्यांचं दुकान.
कोपराचं दुखणं तीन वर्षांचं:
तवा उचलत नाही, ओला टॉवेल पिळला जात नाही,
बरणी घेऊन शेजारच्या मंदारकडे जावं लागतं
आणि तो दर वेळी म्हणतो, सैलच होतं की, काकू.
शेक झाला, पट्टा झाला, दोनदा स्टिरॉइड झालं.
अभ्र्यांना महानारायण तेलाचा वास बसला तो बसलाच.

डॉक्टर दातार तरुण आहेत, पण थापा मारत नाहीत.
म्हणाले, शरीर ही जागा विसरलंय.
जखम जुनी झाली की तिकडे कुणी फिरकत नाही.
आपण आठवण करून द्यायची, तुमच्याच रक्ताने.
काहींना गुण येतो. काहींना नाही येत.
चौदा हजार. पावती बाहेर.

मग यंत्र फिरू लागलं
आणि मी खुर्चीतच ताठ झाले.
आवाज बरोबर नव्हता. घरघरीत मध्येच एक लंगडा ठोका.
बंद कर. समोरच्या खाचेत काय ठेवलंस?
काहीच ठेवलं नव्हतं.
अरे, तेवढ्याच वजनाची नळी लागते समोर,
नाहीतर यंत्र टेबलावरून चालायला लागेल.
रक्त नसलं तर पाणी भर. पण काहीतरी हवं.
(हे गेल्यापासून मी टीव्ही लावून जेवते,
ते त्याला सांगितलं नाही.)

नळी बाहेर आली. तळाला लाल, वर पिवळसर,
ताकावर निवळी धरते तशी,
आणि मध्ये एक धूसर रेघ, नखाच्या कडेएवढी.
ओळखलं मी. त्या तिथेच असतात,
रेघेत आणि रेघेच्या जरा वर.

डेंग्यूच्या दिवसांत मोजत बसायचे त्यांना.
मशीन बिघडलं की भिंगाखाली, चौकोनामागून चौकोन,
अंगठ्याखाली टिक, टिक, टिक.
बाहेर नातेवाईक, बाटलीत पपईच्या पानांचा हिरवा रस,
जाळीला तोंड लावून एकच: बाई, किती झाल्या?
अठरा हजार असल्या की मी मान वर करत नसे.
डॉक्टरांना दाखवा, म्हणायचे, आणि पुढचा नंबर.
माझ्या हाताखालून रक्त नुसतं बाहेर यायचं.
परत कुणाच्या अंगात गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

पडद्यावर करडे धागे दिसले, पिंजलेल्या सुतळीसारखे.
हे माझं कोपर. सुई तिरकी उतरली.
आता लागेल हं, दातार म्हणाले.
लागलं. हाडावर कढत तेलाचा थेंब पडावा तसं,
मग आणखी एक, मग मी मोजणं सोडलं.

रात्री कोपर टम्म फुगलं.
दुखण्याची गोळी घ्यायची नाही, सूज येऊ द्यायची,
तीच कामाला लागलीय म्हणे.
ब्रुफेनची पट्टी फ्रीजवर होती. मी तिच्याकडे पाहिलं,
मग फ्रीजकडे पाठ करून बसले.
दोन वाजता हात उशीवर ठेवला, तान्ह्या पोराला ठेवतात तसा,
आणि त्याच्याशी बोलले. काय ते नाही सांगत.

आज सोळावा दिवस.
लोणच्याची बरणी ओट्यावर आहे, हात लावलेला नाही.
गॅलरीतून मंदारची आई म्हणाली, काय, पडला का फरक?
तोंडात आपसूक खिडकीतलं वाक्य आलं:
रिपोर्ट पाचनंतर.
तिने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा झाले होते.